अम्माजींनी बांधलेला लाल धागा

धुऊन वाळवलेल्या जुडीत मी कंगवा घातला आणि तो मधेच अडकला. ओढला तर त्याचे दात तुटून केसांतच राहिले. शकुंतला भाभींनी ती जुडी उलटसुलट करून पाहिली.

"दीदी, ई तो चिरई का खोंता हो गया."

म्हणजे चिमणीचं घरटं. एरवी मी हसले असते. पण परवा इटलीहून क्लारा मॅडम माल बघायला यायच्या होत्या. मागचा लॉट त्यांनी नाकारला होता. हाही नाकारला तर शेडला कुलूप, असं मालक राधेश्यामजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. म्हणजे भाभी घरी, त्यांच्या हाताखालच्या सगळ्या बायका घरी, आणि मीही घरी.

आमची शेड काशीसमोर, गंगेपलीकडच्या रामनगरला होती. तिथून माणसांचे केस परदेशी जात. तिकडच्या बायका आपल्या केसांत दुसऱ्याचे लांब केस जोडून घेतात. त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून तिथे क्वालिटी इन-चार्ज झाले होते. कशाची क्वालिटी, ते माझ्या आईनं नातेवाइकांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

केस चांगला की वाईट हे चमकेवरून ठरत नाही, हे आधी सांगते, कारण सगळे तिथेच फसतात. केसाच्या अंगावर बारीक खवले असतात, माशाला असतात तसे. ते मुळाकडून टोकाकडे झुकलेले असतात. जुडीतल्या सगळ्या केसांची मुळं एका बाजूला असली, की केस एकमेकांवरून सुळकन घसरतात. अशा मालाला रेमी म्हणतात. काही केस जरी उलटे लागले तरी खवल्यांत खवले अडकतात, आणि पहिल्याच धुण्याला गुंता होतो. मुंडण करताना, वेणी कापताना मुळं एकीकडे धरता येतात, म्हणून तो माल महाग. कंगव्यातून निघालेले गुंते फेरीवाले घरोघरी विकत घेतात. त्यांची मुळं कुठली, टोकं कुठली, देव जाणे. मग कारखानदार ते ॲसिडमध्ये बुडवून खवलेच काढून टाकतो आणि वरून सिलिकॉन चढवतो. दुकानात हा माल रेमीपेक्षा जास्त चमकतो. चार वेळा डोकं धुतलं, की सिलिकॉन जातं आणि हातात झाडू उरतो. म्हणून माझा नियम एकच होता: आधी धुवा, मग बोला.

आमच्याकडे माल येताच प्रत्येक जुडीला मुळांच्या बाजूनं लाल सुती धागा बांधत. पुढचं सगळं काम त्या धाग्याच्या भरवशावर चाले. उभ्या लोखंडी सुयांच्या फळीवरून जुडी ओढायची, लांबीप्रमाणे केस निवडायचे, दोन-चार जुड्या मिसळून मशीनवर पट्टी शिवायची, आणि या सगळ्यात धागा वर ठेवायचा. धागा असेल तिथे मूळ. त्यात कुणी शंका काढत नसे.

मी त्या घरट्याचा धागा पाहिला. तो आमचा नव्हताच. जाड, लाल-पिवळा, छान पीळ दिलेला. देवाच्या पूजेतला कलावा. मग मांडणीवर नजर टाकली. झाडून सगळ्या जुड्यांना कलावा.

"हा कुणी बांधला?"

"अम्माजी," भाभी म्हणाल्या. "बिस्कर्मा पूजा में."

विश्वकर्मा पूजेला आमच्याकडे काम बंद असतं. यंत्रांना हळदकुंकू लागतं. मी तेव्हा कलकत्त्याला माल बघायला गेले होते. भाभी आणि बाकीच्या बायका मागच्या अंगणात पुऱ्या तळत होत्या. शेडमध्ये होत्या मालकांच्या आई, म्हणजे अम्माजी, आणि त्यांची कीर्तनमंडळी. त्यांनी मशीनला कलावा बांधला, वजनकाट्याला बांधला, पंख्याच्या बटणाला बांधला. मग जुड्यांकडे वळल्या. आमचे धागे त्यांना मळके वाटले. सोडले, आणि नवा कलावा बांधला.

"कुठल्या टोकाला?"

भाभींनी हात वर केले. हा माल डबल ड्रॉन होता. म्हणजे आखूड केस वेचून काढलेले, जुडी वरपासून खालपर्यंत सारखीच जाड. तिला बघून मूळ-टोक कळत नाही. अम्माजींना जे टोक हाताला लागलं त्याला त्यांनी बांधलं. कामावर परतलेल्या बायकांना वाटलं, मालकांनी हौसेनं चांगला धागा आणला. त्या मिसळायला बसल्या. नशीब, एकाच टेबलावरचा माल मिसळून झाला होता. तो गेला तो गेलाच.

"आणि आपले जुने धागे?"

"निर्मालय के साथ गंगाजी में."

मी राधेश्यामजींकडे गेले. सगळे कलावे काढायचे आहेत म्हटल्यावर त्यांनी उठून दार लावलं.

"मैडमजी, धागा रहने दीजिए. अम्मा परसों फिर आ रही हैं."

"येऊ देत. त्यांना सांगा, मालाची खूण होती."

"कौन से माल की?" त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "अम्मा समझती हैं यहाँ चँवर बनते हैं."

चँवर म्हणजे आपली चवरी, देवावर वारा घालायची.

"याकच्या शेपटीच्या? काळ्या?"

"हमने कह दिया, तिब्बत में काले भी होते हैं."

त्यांचंही खरं होतं. अम्माजी भारी सोवळ्याच्या. मुलगा न्हाव्याकडून आला की अंगणात अंघोळ करून मगच घरात येई. कापलेल्या केसांचा धंदा करतो म्हटलं असतं तर त्यांनी त्याच्या हातचं पाणी घेतलं नसतं. म्हणून बिचाऱ्यानं देशभरच्या देवळांना चवऱ्या पुरवणारा भक्त मुलगा उभा केला होता. अम्माजी गल्लीभर त्याचं कौतुक सांगत फिरत. क्लारा मॅडमबद्दलही त्यानं घरी सांगून ठेवलं होतं, की विलायतेतली मोठी भगतीण चवऱ्या न्यायला येते आहे. तिलाच प्रसाद द्यायला अम्माजी परवा येणार होत्या.

"लॉट गेला तर शेड बंद, हे तुम्हीच म्हणालात," मी म्हटलं.

"और अम्मा को पता चला तो हम बंद."

मी बाहेर येऊन कात्री उचलली. शेडमधले सगळे हात थांबले.

"दीदी, पूजा का धागा है," भाभी म्हणाल्या. "आप काटिए. हम लोग नहीं काटेंगे."

मी कात्री धरून उभी राहिले. खवले, ॲसिड, सिलिकॉन सगळं मला तोंडपाठ. पण इतक्या बायका टक लावून बघत असताना कलावा कापायचा मलाही धीर होईना. मी कात्री खाली ठेवली आणि स्वतःवरच चिडत घरी गेले.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचं पौरोहित्य करत. धर्माचा पेच पडला की त्यांच्याकडे जायचं, हा आमच्या घरचा रिवाज. मी त्यांना सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत ऐकत होते.

"कलावा कुणाला बांधलाय म्हणालीस?"

"केसांना."

"कुणाच्या?"

"काय माहीत अण्णा, कुणाकुणाच्या. पुष्कळांच्या."

"म्हणजे गोत्राचा पत्ता नाही." ते गंभीर झाले. नंतर कळलं की हसू दाबत होते. "सुमे, कापलेल्या केसांना रक्षासूत्र लागतच नाही. पण हे तुझ्या बायकांना सांगू नकोस, उगीच परेशान होतील. असं कर. कापू नका. गाठ सोडा, धागे टोपलीत जमा करा आणि गंगेत सोडा. पंडितजींनी सांगितलंय म्हण."

"दोष नाही ना?"

"दोष कसला? गाठच तर सोडायची आहे. आणि तू जेवायला बसायच्या आधी हात धू."

दुसऱ्या दिवशी पंडितजींचा निरोप ऐकताच बायका कामाला लागल्या. आता प्रत्येक जुडीचं मूळ शोधायचं होतं. त्याची रीत सोपी आहे. जुडीतला एक केस चिमटीत धरायचा आणि अंगठा त्याच्या लांबीवर पुढेमागे चोळायचा. खवल्यांमुळे केस आपोआप एका बाजूला सरकू लागतो. ज्या बाजूला सरकतो, तिकडे त्याचं मूळ. एका जुडीतले पाच-सहा केस एकाच दिशेला गेले की खूण पक्की. सगळी शेड मान खाली घालून अंगठा चोळत बसली. गाठोडी उतरवायला आलेला ठेलेवाला दारात थबकला आणि त्यानं भाभींना विचारलं, "अरे, सब लोग खैनी मल रहे हैं का?"

मुळांना बांधायचा नवा धागा मी मुद्दाम निळा आणवला. तिसऱ्या दिवशी क्लारा मॅडमची गाडी दारात थांबली तेव्हा कोपऱ्यातला एक ढीग राहिला होता. त्याच्यावर कलावे तसेच होते. मी त्यावर चादर टाकली. मागून लगेच अम्माजींची रिक्षा आली.

पहिली काही मिनिटं बरी गेली. अम्माजींनी पेढा दिला. क्लारा मॅडमनी हात जोडले.

"बिलायत में भी ठाकुरजी हैं?" अम्माजींनी मला विचारलं. ठाकुरजी म्हणजे बाळकृष्ण. मी मान डोलावली. कुणाच्या तरी घरी असतीलच.

मग मॅडमनी टेबलावरच्या जुडीतून एक केस उपटला आणि खिशातून लायटर काढला. ही नेहमीची परीक्षा. खरा केस तडतडून जळतो आणि त्याची राख बोटांत चुरगळते. नायलॉन असेल तर वितळून टणक मणी होतो. केस तडतडला. राख चुरगळली. मॅडम खूश झाल्या. वास शेडभर झाला.

अम्माजींच्या हातातली पेढ्यांची पेटी थांबली.

"ई कैसी बास है, राधे?"

इथे एक शास्त्रीय गोष्ट सांगते. केस माणसाचा असो की याकचा, जळताना वास तोच येतो. राधेश्यामजी गप्प बसले असते तर वाचले असते. पण काशीत जन्मलेल्या माणसानं तो वास मसाणाशिवाय दुसरीकडे घेतलेला नसतो. त्यांनी सरळ आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अम्मा, माफ कर दो. याक नहीं है. आदमी के हैं. सब आदमी के हैं."

क्लारा मॅडमना वाटलं, हा काही तरी घरगुती आशीर्वादाचा कार्यक्रम आहे. त्यांनी सभ्यपणे पाठ वळवली, कोपऱ्यातली चादर उचलली आणि नेमकी कलावा बांधलेली एक जुडी हातात घेतली. जुडी धाग्याशी धरून बोटं खाली ओढायची, हीच त्यांची पुढची परीक्षा. मूळ वर असेल तर बोटं घसरतात, उलटं असेल तर करकरतात. त्यांनी बोटं लावली, तेवढ्यात अम्माजी मुलाला ओलांडून गेल्या आणि ती जुडी मॅडमच्या हातातून हिसकावली.

"हमारा कलावा! मुर्दे-जिंदे के बाल पर हमारा कलावा!" त्या गाठ सोडू लागल्या. सुटेना. मग एकदम त्यांचे हात थांबले. त्या मुलाकडे वळल्या, आणि या वेळी ओरडल्या नाहीत. "राधे, पिछली जन्माष्टमी को तू जो लाया, चाँदी की मूठ वाला... हम जो रोज अपने ठाकुरजी पर डुलाते हैं... ऊ?"

राधेश्यामजींनी मान वर केली नाही. मला पहिल्यांदाच त्या म्हातारीची दया आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय म्हणताहेत या?" क्लारा मॅडमनी मला इंग्रजीत विचारलं.

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "यांच्या घरी आमच्याच मालातला एक पीस आहे. गेल्या वर्षापासून त्या तो रोज सकाळ-संध्याकाळ वापरतात."

मॅडमचे डोळे चमकले. "रोज? धुतात?"

"अम्माजी, ते चँवर धुता का?"

"गंगाजल से! हर एकादशी को!" त्या हुंदका देत म्हणाल्या.

"गुंता होतो? केस गळतात?" मॅडमनी विचारलं. मी तेही विचारलं.

"अरे गुंता काहे होगा!" अम्माजी कडाडल्या. "आज तक एक बाल नहीं टूटा! रेशम है रेशम! इसी का तो रोना है!"

मी शब्दशः भाषांतर केलं. शेवटचं वाक्य तेवढं मॅडमना कळलं नाही, पण बाकीचं पुरलं. त्यांनी टेबलावरची निळ्या धाग्याची जुडी घेतली, बोटं फिरवली, धुतली, वाळवली, विंचरली. कंगवा वरून खाली एका दमात आला. लॉट पास झाला. शेड उघडी राहिली. कोपऱ्यातला ढीग आम्ही माल बांधायच्या आधी तपासून संपवला.

अम्माजी तिथून थेट घाटावर गेल्या आणि नेसत्या साडीनिशी गंगेत उतरल्या. मुलाला त्यांनी प्रायश्चित्त म्हणून मुंडण करायला लावलं. राधेश्यामजी टोपी घालून शेडमध्ये आले तेव्हा भाभींनी हळूच विचारलं, "दीदी, मालिक के बाल?" मी म्हटलं, आखूड, शिवाय कलप लावलेला. रिजेक्ट.

ठाकुरजींसाठी मग खरी याकची चवरी आली, पांढरी. तिचे केस देवावर गळतात, अशी अम्माजींची तक्रार आहे आणि ती त्या मलाच ऐकवतात. एकदा मी ती तपासली. अर्धे केस उलटे होते. शेवटी मी ती भाभींकडून सोडवून, मुळं एका बाजूला लावून, नीट बांधून दिली. अम्माजींनी ती दोन दिवस डुलवून पाहिली आणि रिक्षानं परत शेडवर आल्या.

"पहले वाली जैसी नहीं है," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. आणि मग, मुलाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "वैसी एक और मिलेगी?"

या धंद्यात मी एवढंच शिकले. मालावर खूण करायची तर लोक हात जोडतील असा धागा वापरू नये. आणि ज्यानं एकदा रेमी हाताळलं, त्याला दुसरं काही चालत नाही.