लोखंडी चिमटा

धुळ्याच्या त्या कॉलेजात हाशमभाईंचा हुद्दा प्रयोगशाळा परिचर. म्हणजे झाडणं, पुसणं, चहा आणणं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात मँगनीजच्या ऑक्साइडची पूड खलात सहा-सहा तास घोटायची, दाबून टिकलीएवढी वडी पाडायची, भट्टीत भाजायची, हे सव्वीस वर्षं त्यांनीच केलं. पीएच.डी. मात्र दुसऱ्यांना मिळाल्या. शोधनिबंधाखाली आभार मानतात, तिथं भट्टीच्या कंपनीचं नाव असे, हाशमभाईंचं नसे. ऐकणाऱ्याला चीड येईल, त्यांना येत नसे. आपलं काम चोख झालं की माणूस खूश.

यंदा मात्र त्यांचं डोकं फिरलं. पितांबर सरांचा विद्यार्थी ललित वडीला तारा जोडून चुंबकात ठेवी. चुंबक चालू केलं की वडी वीज किती कमी अडवते, ते मोजायचं. एका वडीत हा रोध एकदम साठ टक्क्यांनी घटला. सर हवेतच गेले! चर्चासत्र ठरलं, पाहुणे बोलावले. इकडे टेबल पुसताना हाशमभाईंना दिसलं, की चुंबक चालू होताच तारेचा चिमटा हलतो. तांब्याचा मोडला म्हणून ललितने आग्रा रोडवरच्या दुकानातून आणलेला, लोखंडी! चुंबक त्याला ओढतं, तो वडीवर घट्ट बसतो, आणि आकडा घटतो. वडीची करामत काहीच नाही. त्यांनी ते ललितला दाखवलं.

“सरले कोन सांगी, चाचा?” ललित रडकुंडीला आला. “बठ्ठं छापाले गयं.” निबंध, आकडे, सगळंच छापायला गेलं होतं.

हाशमभाईंनीच सांगितलं. सर म्हणाले, “तुम्ही पाहुण्यांच्या जेवणाचं बघा.”

उद्या दुसऱ्या कुणी हाच प्रयोग केला आणि साठ टक्के आले नाहीत, तर सरांचं काय जाणार होतं? तोंड काळं झालं असतं ते पोराचं.

चर्चासत्रात जळगावहून आलेल्या प्राध्यापक सुलक्षणाताई म्हाताऱ्या ताऱ्यांवर बोलल्या. हाशमभाई दाराशी उभं राहून ऐकत होते. तारा म्हातारा झाला की फुगतो, आणि स्वतःचंच वस्तुमान वाऱ्यासारखं बाहेर उधळत राहतो. दरवर्षी किती उधळतो, हा बाईंनी पूर्वी काढलेला आकडा तिप्पट चुकला होता. ते त्यांनी स्वतःच सांगितलं, भर सभेत, फळ्यावर दोन्ही आकडे लिहून. हाशमभाईंचं रक्त उसळलं. जिथं कुणी जाऊन बघणार नाही तिथली चूक ही बाई कबूल करते, आणि इथं हाताशी असलेला चिमटा या शिकलेल्या लोकांना दिसत नाही? लाज कशी वाटत नाही यांना!

जेवणं झाल्यावर पाहुणे प्रयोगशाळेत आले. ललितने खाली मान घालून चुंबक चालू केलं. साठ टक्के. टाळ्या पडल्या.

हाशमभाई पुढे झाले. त्यांनी लोखंडी चिमटा काढला आणि तांब्याचा नवा लावला.

“कर बेटा, परत चालू कर.”

आकडा जेमतेम दीड टक्क्याने हलला. सुलक्षणाताई वाकून लोखंडी चिमटा पाहू लागल्या. सर लालबुंद झाले.

“हाशमभाई! तुम्हाला यातलं काय कळतं हो?”

“कळत नाही, साहेब,” हाशमभाई म्हणाले. “म्हणून तर करून पाहिलं.”