हे येऊ देत नाहीत

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. झोपेत बरळले असेन तर माहीत नाही. आणि आधीच सांगते — रडतबिडत सांगणार नाही. जेवढ्याची लाज वाटते तेवढ्याचीच वाटते, बाकीच्याची नाही.

माझं माहेर जळगाव जामोद, सासर डोणगाव. बाबा गेले तेव्हा गावाबाहेरचं तीन एकर शेत सातबाऱ्यावर दादाच्या आणि माझ्या, दोघांच्या नावावर चढलं. तिथं तूर व्हायची, कोणाचं लक्ष नव्हतं. मग शेजारचा रस्ता रुंद झाला आणि खामगावची एक पार्टी आली — प्लॉट पाडायचे, पुढं दुकानांचे गाळे काढायचे, त्यातले काही दादाला. दादा वर्षभर त्याच एका गोष्टीवर जगत होता. सौदा चांगला होता, नाही कशाला म्हणू? फक्त माझी सही हवी होती — बहिणीनं हक्क सोडला, अशी.

आमच्याकडे ती सही मागत नाहीत, धरून चालतात. बहीण येते, सही करते, साडी घेऊन परत जाते. सहीच्या आदल्या दिवशी भावजयीचा फोन आला. "ताई, साडी कोन्त्या रंगाची घेऊ?" तीन एकर रोड-टच जमीन — आणि मला विचारलं काय, तर रंग. मी म्हटलं, हिरवी घे. तेव्हा राग आला नाही. तो दुसऱ्या दिवशी एसटीत आला, खामगावपर्यंत वाढतच गेला, आणि खामगावला मी पुढची गाडी डोळ्यांसमोरून जाऊ दिली. स्टँडवर बसून राहिले.

त्याबद्दल मला काही वाटत नाही. आजही नाही. माझ्याही बापाचं शेत होतं, त्यात मीही निंदण केलं आहे. का सोडायचं?

पण दादाचा फोन आला. "बाई, कुठलोक आली? पार्टी हापिसात बसून हाये." तेव्हा — हे नीट सांगते — तेव्हा "मी सही करणार नाही" एवढंच म्हणायचं होतं. नाही जमलं. मी म्हटलं, "दादा, हे येऊ देत नाहीत."

हे, म्हणजे माझा नवरा. सकाळी माझ्या पिशवीत पाण्याची बाटली टाकून "आरामात जाय" म्हणणारा माणूस.

दादानं एक प्रश्न विचारला नाही. "मले मालूमच होतं," म्हणाला. "तुयी काई चूक नाई, बाई." किती पटकन पटलं त्याला! बाई स्वतःच्या मनानं नाही म्हणू शकते, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. जावई हावरा असतो, हे मात्र सगळ्यांना पटतं. मी तेच वापरलं. पार्टीनं त्याच संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या शेताचा इसार दिला. दादाचे गाळे गेले.

का खोटं बोलले? हिस्सा मागणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं म्हणून. मला जमीनही हवी होती आणि माहेरही — दोन्ही राहिलं. उलट आता माहेरी जास्तच जीव लावतात. बिचारी ना मी!

पुतण्याच्या लग्नात सगळ्या जावयांना दुपट्टा-टोपी दिली, यांचं नाव कोणी घेतलं नाही. दादानं साधा जयभीम केला नाही. हे मांडवात शेवटपर्यंत बसून राहिले. परतताना म्हणाले, "कावं, मायं काई चुकलं काय?" मी म्हटलं, गर्दीत विसरले असतील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी घरातच दिली.

या उन्हाळ्यात दादा डोणगावला आला. नवी पार्टी मिळाली होती. यांच्यापुढं हात जोडले. "दाजी, मांगचं इसरून जाऊ. आता तरी बाईले सही करू द्या." मी चहा घेऊन दारात उभी. यांनी माझ्याकडं पाहिलं — बराच वेळ. सगळं कळलं त्यांना. मग दादाला म्हणाले, "नाई. तवाबी मीच नाई म्हनलं होतं, आताबी नाई म्हनतो."

मी तोंड उघडलं नाही. उघडता आलं असतं — दोघंही समोरच होते. दादा चहा न घेता गेला. हे चपला घालून बाहेर पडले, आणि त्यावर आमच्यात अजून एक शब्द झालेला नाही. शेत माझ्या नावावर आहे. सही मी करणार नाही.

परवा भावजयीचा फोन आला. "ताई, अशा मानसासंग दिवस कसे काढता तुमी?"

मी म्हटलं, "काढते."