डाळमिलच्या दारातलं माहेर

लातूरच्या एका डाळमिलच्या गेटवर मालकाचा हसरा फोटो असलेला बोर्ड आहे. दर मंगळवारी संध्याकाळी तिथं बाहेरगावच्या गरोदर कामगार बायांची तपासणी होते, आणि बोर्डानं ती मालकाच्या नावावर केली आहे. या सगळ्या प्रकरणात तो माणूस एकदाच बोलला होता, 'गेटात गर्दी करू नका' एवढंच. बोर्ड बघितला की माझं डोकं अजून तापतं. म्हणून झालं ते लिहून ठेवते.

मी या मिलमधून चुनी उचलते. डाळ भरडताना निघणारा चुरा, जनावरांच्या खाण्याचा. हातगाड्यावर सुरू केलं, आज माझा टेम्पो आहे. भावात मी कुणाला ऐकत नाही. मला बघितलं की मुनीमजी चहा अर्धा सोडून उठतात.

तिथं पोती शिवायला देगलूरकडची एक पोरगी होती. नवरा तिथंच हमाल, मिलमागच्या पत्र्याच्या खोलीत संसार. पहिलटकरीण. मला अक्का म्हणायची. एकदा बघते तर सुजलेल्या पायात चप्पल शिरेना, आणि दुखतं म्हणून डोक्याला फडकं बांधलेलं.

मी वॉर्डातल्या आशाताईला गाठून भर रस्त्यात झापलं. ती म्हणाली, मी खोल्यांवर जाऊन आले, पण पोरीनं सांगितलं की भाऊ न्यायला येणार, बाळंतपण माहेरी. मग इथं नाव कशाला घालायचं? पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात आशाताईला शंका कशी यावी? शिवाय तपासणी सकाळी अंगणवाडीत, आणि तेव्हा बाया मिलमध्ये.

मी तिथंच सौद्याला उभी राहिले. रोज या म्हटलं, ती म्हणाली महिन्यातून एकदा. शेवटी दर मंगळवारी, काम सुटल्यावर, नर्सबाईंना घेऊन, यावर जमलं. मुनीमजींकडे गेटजवळची खोली मागितली. नाही म्हणाले, तेव्हा म्हटलं, चुनी तुमच्याच दारात कुजू द्या. खोली मिळाली.

पहिल्याच मंगळवारी नर्सबाईंनी पोरीचं बीपी बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, आत्ताच सरकारी दवाखान्यात न्या, दोन्ही जिवांना धोका आहे. नवरा जागचा हलेना. म्हणाला, तिचा भाऊ न्यायला येणार आहे, तो आला की बघू. आपणच नेलं तर सासरवाडीचा अपमान, आणि भाऊबंद नावं ठेवणार.

पोरीनं माझा पदर ओढून मला बाजूला नेलं.

"अक्का, कुणी येत न्हाई. आई गेली तवापासून भाऊ फोन उचलत न्हाई. बिनमाहेरची म्हणतील म्हणून मी येणार येणार म्हणत गेले."

मला भयंकर राग आला, पण काढायचा कुणावर ते कळेना. मग नवऱ्यावर काढला.

"माझं माहेर नांदेड, हिचं देगलूर. जिल्हा एकच. भावानं मला धाडलं समज. मी न्यायला आलेय. आता बोल."

त्यानं मुनीमजींकडे बघितलं. मुनीमजी म्हणाले, "पाठव बाबा. ह्या बाईपुढं मी कधी जिंकलो न्हाई, तू काय जिंकतो?"

टेम्पोत तिला पुढं बसवलं, नवऱ्याला मागं पोत्यांवर. दवाखान्यानं तिला ठेवून घेतलं. पुढं सिझर झालं, मुलगी झाली. पोर इवलीशी, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. पण दोघी वाचल्या.

मला वाटलं, संपलं. तर एक दिवस गावाकडून तिची सासू माझ्या गोदामात हजर. पोत्यावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "माहेरची म्हणवून घेतलं न्हवं? मग बाळंतविडा कुठं हाय?"

लेकीला साडी, डिंकाचे लाडू, लेकराला आंगडी-टोपडी, इथपर्यंत मी मुकाट ऐकलं. मग ती चांदीच्या वाळ्यांवर आली. बाई माझ्याच जातकुळीतली निघाली, तसूभर हटेना.

मी म्हटलं, वाळे देईन. पण टाके भरून येईपर्यंत पोरगी पोत्याला हात लावणार नाही, आणि लेकराच्या सगळ्या सुया वेळेवर, इथंच मिलच्या गेटवर.

"वाळे आधी," सासू म्हणाली.

"सुया आधी."

चहा झाला, पुन्हा चहा झाला. मग एक वाळा पहिल्या सुईला आणि दुसरा शेवटच्या, असं ठरलं.

दुसरा अजून माझ्या गल्ल्यात आहे. पण सुईचा मंगळवार असला की सासूबाई नातीला घेऊन नर्सबाईंच्याही आधी येऊन बसलेल्या असतात.