मॅडम, तुमी झोपता कधी?

योग शिकवणाऱ्या बाईचं आयुष्य एकदम शांत असतं, असा लोकांचा समज आहे. मंद आवाज, उदबत्ती, मिटलेले डोळे! परवा एका लग्नात माझ्या चुलत नणंदेनं पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "ही आमची वहिनी. काही करत नाही, योगा घेते." मी तोंडात जिलेबीचा तुकडा टाकला.

अकरा वर्षं झाली. बोरगाव मेघेत आमच्या गच्चीवर सकाळी दोन बॅच, संध्याकाळी एक, आणि आठवड्यातून दोन दुपारी आर्वीला. नोकरी असती तर रजा तरी असती. इथे मीच साहेब, मीच शिपाई. अर्ज करायचा कुणाकडे? त्यामुळे झोप काही साठली नाही, किस्से तेवढे साठले!

*

गेल्या हिवाळ्यात मला सणकून ताप आला. पहाटे कसाबसा ग्रुपवर मेसेज टाकला, "आज क्लास नाही. ताप आहे." आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं.

सहाला बेल वाजली. दारात चौदा बायका, चौदा मॅट! पुढे कुसुमकाकू. या आमच्या पहिल्या रांगेतल्या, निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट.

"काकू, मेसेज नाही वाचला?"

"वाचला ना. म्हूनच गच्चीवर नाई गेलो. तुमी पडूनच राहा. आमाले फक्त तोंडानं सांगत जा."

माझा सोफा सरकवला गेला, टीपॉय गॅलरीत गेला आणि मी रजईतून कण्हत म्हणू लागले, "श्वास आत... श्वास बाहेर..." तासभर! जाताना काकूंनी माझ्या कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता तरी म्हणतील, उद्या आराम करा.

"आवाज खोल गेला तुमचा," काकू म्हणाल्या, "पण आज मन लय छान लागलं!"

*

आर्वीला मी दुपारच्या एसटीनं जाते. दीड तासाचा रस्ता. एकदा खिडकीशी बसल्या बसल्या डोळा लागला.

जाग आली तेव्हा बस पळत होती. ऊन मात्र डावीकडून यायचं, ते उजवीकडून येत होतं. मला काही कळेना. कंडक्टरला विचारलं, "दादा, आर्वी यायला किती वेळ?"

"आर्वी? आर्वी येऊन गेली मॅडम. अर्धा घंटा डेपोत उभे होतो. आता वर्ध्याले परत चाललो आपन."

मी किंचाळलेच! "अहो, मग उठवायचं ना!"

"कसं उठवू? माही बायको तुमच्याच क्लासात येते. तिचा फोन आलता, मॅडम आल्या नाई म्हून. मी सांगतलं, मॅडम झोपल्या हायेत. तर तेच म्हने, उठवू नका! झोपलेल्या मानसाले दचकावून उठवू नये, असं मॅडमनंच शिकवलं हाये."

मी डोक्याला हात लावला. तो जरा घुटमळला. मला वाटलं, सॉरी म्हणतो की काय. त्यानं मशीन पुढे केलं.

"परतीचं तिकीट फाडू ना?"

*

शीतल नावाची एक सून सकाळच्या बॅचला आली. एकत्र कुटुंब, घरचं किराणा दुकान. पहिल्या दिवशी ती मागच्या भिंतीशी मॅट टाकून, तोंडावर ओढणी घेऊन आडवी झाली. वाटलं, बरं नसेल. दुसऱ्या दिवशी तेच. तीन आठवडे तेच! बाकीच्या सूर्यनमस्कार घालतायत आणि ही ढाराढूर.

शेवटी मी तिला बाजूला घेतलं. "शीतल, एक तरी आसन कर गं!"

तिचे डोळे भरून आले. "मॅडम, मले काही शिकवू नका. घरी दिवसा पाठ टेकवली तर सगळे विचारते, बिमार हायेस का? इथं कोनी हाक मारत नाई. मले फक्त झोपू द्या."

दुसऱ्या दिवसापासून मीच तिच्या अंगावर चादर टाकू लागले.

महिन्याभरानं तिची सासू माझ्या दारात! वाटलं, आता ही भांडणार. तर बाई म्हणाल्या, "मॅडम, सुनेच्या चेहऱ्यावर काय तेज आलं हो! कोनतं आसन शिकवता?"

"शवासन," मी म्हटलं. खोटं कुठे होतं?

त्यांनी संध्याकाळच्या बॅचला नाव घातलं. चार दिवस हातपाय हलवले. पाचव्या दिवशी मागच्या भिंतीशी गेल्या, पदर तोंडावर घेतला आणि हळूच म्हणाल्या,

"मॅडम, सुनेले सांगू नका."

*

मग यंदा माझी कंबर धरली. सॉक्स घालता येईना. वर्ध्यात एक नवीन डॉक्टर आलेत, त्यांच्याकडे गेले.

"कशानं झालं?"

"योगाच्या क्लासमध्ये."

डॉक्टर एकदम भडकले. "गल्लोगल्ली क्लास काढून बसलेत! माणसाला पिळून काढतात. ना विश्रांती, ना अंदाज! कोण आहे ही बाई? मला भेटायचंय तिला."

"सांगते मी तिला," मी जमिनीकडे पाहत म्हटलं.

तेवढ्यात नर्स आत आली. "अगं बाई, मॅडम तुमी! सर, ह्याच तर आमच्या योगाच्या मॅडम!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. त्यांनी चिठ्ठी परत ओढून घेतली, 'विश्रांती आठ दिवस' खोडलं आणि लिहिलं, 'एकवीस'!

एकवीस दिवस! चौकात नुकतीच एक झुंबावाली आली होती. एवढे दिवस गच्ची बंद ठेवली तर कोण थांबतंय माझ्यासाठी? थांबल्या, पण निम्म्याच. निम्म्या झुंबाला गेल्या त्या गेल्याच. आणि त्यांची वजनं उतरलीत, हेही सांगून टाकते.

*

पण खरा धक्का बसला तो त्या सक्तीच्या सुट्टीच्या पहिल्याच सकाळी.

रोज साडेपाचला मी गच्चीवर असते. साडेआठला खाली येते, तोवर आमचे हे दुकानात गेलेले असतात. ह्यांचं हार्डवेअरचं दुकान. माणूस इतका कमी बोलणारा की गिऱ्हाइकाला खिळे दाखवतात, नाव सांगत नाहीत.

त्या दिवशी सहाला मी पलंगावर पडूनच होते. समोर अंगणाचं दार उघडं. हे स्वयंपाकघरातून दोन कप चहा घेऊन आले आणि तडक अंगणात गेले. मला वाटलं, कुणी आलं असेल. तर कुणीच नाही. दोन खुर्च्या शेजारीशेजारी. ह्यांनी एक कप रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला, दुसरा निवांत प्यायला. मग थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग त्या ठेवलेल्या कपावरची साय बोटानं बाजूला केली आणि तोही उचलला.

मी कंबर धरून कशीबशी दारापर्यंत गेले. "अहो, हा दुसरा कप कुणाचा?"

हे दचकले. "तुया."

"माझा? पण मी तर रोज वर असते!"

"म्हून तर मले प्यावा लागते."

"रोज?"

"रोज."

"अकरा वर्षं?"

ह्यांनी कप माझ्यापुढे धरला.

"आजपासून तूच पेत जाजो. मले डॉक्टरनं एकच सांगतला हाये."