टेबलावर कसं झोपवायचं?

दवाखान्यात औषधं संपत, कापूस संपे, किस्से मात्र शिल्लक राहत. निजामी अमलात परभणीकडच्या एका तालुक्याच्या दवाखान्यात मी ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन बांधणारा, होतो. तेव्हाचे किस्से अजून सरत नाहीत, आणि अर्धे तर मलाच नीट कळलेले नाहीत!

*

राणीसावरगावच्या किसनरावांचं हर्नियाचं ऑपरेशन झकास झालं. शुद्धीवर येऊन बघतात तर उजवं मनगट उचलेना.

"चाकू पोटावर चालविला, मंग हात कसा गेला?"

क्लोरोफॉर्मच्या गुंगीत त्यांचा हात दोन तास टेबलाच्या कडेवरून लोंबत होता, कडेनं दंडातली नस दाबली गेली आणि ते कुणालाच दिसलं नव्हतं. नांगर धरायचा हात! डॉक्टरसाहेब दोन दिवस धड जेवले नाहीत.

*

तिसऱ्या दिवशी साहेबांची शिकवणी सुरू. मी, कंपाउंडर मुनीरभाई आणि आया गयाबाई, तिघांनी आळीपाळीनं टेबलावर निजायचं. जिथं टोचेल, मुंग्या येतील, तिथं कापसाची उशी द्यायची.

मुनीरभाई चढले आणि घोरायलाच लागले. साहेबांनी हलवून विचारलं, उशी कुठं देऊ?

"डोक्याखाली द्या साब, बाकी समदं आराम हाय."

*

खिडकी उत्तरेला. उजेडाच्या हिशेबानं पेशंटचे पाय दक्षिणेला येत. गयाबाई गुपचूप टेबल फिरवून ठेवी. दक्षिणेला पाय मड्याचे करतात, असं तिचं म्हणणं. टेबल आडवं केलं तर पाय पश्चिमेला, म्हणजे काब्याकडे, म्हणून मुनीरभाई आडवे येत. पूर्वेला केले तर साहेबांची सावली जखमेवर!

साहेब वैतागले. "शरीराला दिशा नसते," म्हणाले आणि टेबल पुन्हा पहिल्यासारखं लावलं. आमचा गोंधळ होता तिथंच राहिला.

*

मग साहेबांचंच अपेंडिक्स उठलं. कापायला बाहेरून डॉक्टर आले. किसनराव गळ्यात हात बांधून दाराशी येऊन बसले. साहेबांचा हात गेला तर तालुक्यात चाकू धरणार कोण? आम्ही इतक्या उशा लावल्या की पाहुण्या डॉक्टरांना पोट शोधावं लागलं.

शुद्ध आली. साहेबांनी आधी उजवं मनगट उचललं, मग एकेक बोट हलवून पाहिलं. मला रडूच आलं.

त्यांनी खुणेनं मला जवळ बोलावलं. गयाबाई ऐकत नाही ना, ते बघितलं आणि हळूच विचारलं,

"माझे पाय कुणीकडं होते रे?"