बाबांच्या बत्तीतलं थोरियम

आमच्या घरात माझ्या नोकरीची भारी धास्ती. मी कंपन्यांतल्या पाइपांचे जोड किरणांनी तपासतो. किरण सोडणारी गोळी ज्या पेटीत असते, तिचं कवच युरेनियमचं. ते ऐकल्यापासून बायको मला अंघोळ केल्याशिवाय बाळाला हात लावू देत नाही. "अगो, ते युरेनियमच किरण अडवून मला वाचवतं," असं किती वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

परवा रोह्याचं काम उरकलं. किरण मोजायचं मीटर पेणच्या ऑफिसात जमा करायचं होतं, वाटेत घरी जेवायला थांबलो. बायकोला आणि आईला एकदाचं पटावं म्हणून भरदुपारी मीटर चालू केलं आणि स्वतःच्या कपड्यांवरून, हातांवरून फिरवलं. क्वचित एखादी टिक. "बघितलंत?" म्हणत मी ऐटीत पाळण्याकडे वळलो, आणि मीटर भराभर टिकटिकायला लागलं.

बाळ शांत झोपलं होतं. मीटर पायांशी नेलं, आवाज विरळ झाला. छातीशी नेलं, दाट झाला. मी दुपटं बाजूला केलं.

गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात कापडाची इवलीशी पुरचुंडी होती.

"अंगारा हाय," आई म्हणाली. "तुझ्या बापसाच्या बत्तीचा."

बाबा गॅसबत्ती घेऊन धरमतरच्या खाडीत मासे मारायला जायचे. मी शाळेत असताना एकदा होडी सापडली, बत्ती सापडली, बाबा नाही. बत्तीच्या काचेआड मेंटलच्या जाळीची पांढरी राख तेवढी उरली होती. आईनं ती देवामागे डबीत जपली, आणि आता नातवाची राखण आजानं करावी म्हणून त्याच्या गळ्यात बांधली.

त्या जुन्या जाळ्यांत किरण सोडणारं थोरियम असायचं. ते युरेनियमपेक्षाही संथ झिजतं, आणि अणुभट्टीत घातलं तर त्याचंच युरेनियम होतं. पण युरेनियम आम्ही कुलपात ठेवतो, पाटी लावतो. हे आमच्या देव्हाऱ्यात होतं, आणि ती राख बाळाच्या श्वासात गेली असती तर आतच राहिली असती. मला रागही आला आणि रडूही.

दोरा कापून पुरचुंडी डब्यात घातली, ऑफिसात द्यायला. झाकण लावलं तरी मीटर हळूहळू टिकटिकत होतं.

"तोच बोलतोय ना रं?" आईनं विचारलं.

मला नाही म्हणवेना. मीटर बंद करायला हात नेला, तर तिनं मनगट धरलं.

"थांब जरा. किती वर्सांनी आयकते."