घैसासची तबकडी, क्रूझेंची भिंत

आमच्या कँटीनमध्ये खिडकीजवळचं एक टेबल मराठी आहे. तसा बोर्ड वगैरे नाही, पण साडेअकराला तिथे दुसरं कोणी बसायला धजत नाही. जर्मनीतल्या या वोल्फ्सबुर्गात संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि दिसलंच तर ते पट्ट्याला बांधलेलं असतं. मग करायचं काय? आम्ही एकमेकांचे किस्से मुरत घालतो. त्यातली अर्धी बरणी एकट्या शंतनू घैसासची आहे!

घैसास माझ्याच विभागात. आम्ही दोघं गाडीच्या दारांची उघडझाप तपासतो. तो अमेरिकेत एम.एस. करून इथे आला आणि येताना दोन वेडं घेऊन आला: नेमबाजी आणि तिथलं कॉलेज फुटबॉल. दोन्हींबद्दल त्याला ठाम मतं आहेत. प्रत्येक मत ‘माझं मत विचाराल तर’ असं सुरू होतं. आजवर कोणी विचारलेलं नाही.

मला बंदुकीची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. पण घैसासची मतं ऐकून भीतीपेक्षा झोप जास्त येते. ‘‘माझं मत विचाराल तर, ज्याला बंदूक मिरवावीशी वाटते, त्याला ती देऊच नये.’’ किंवा, ‘‘विळी काम झालं की आडवी करून ठेवता ना? तशी बंदूक काम झालं की कुलपात!’’ एवढा सोवळा बंदूकवेडा मी तरी पाहिलेला नाही.

शहराबाहेरच्या ज्या खेड्यात तो राहतो, तिथल्या नेमबाजांच्या फेराइनचा, म्हणजे क्लबचा, तो सभासद आहे. दर जूनमध्ये त्यांचा शुत्सेनफेस्ट, म्हणजे नेमबाजांची जत्रा, असतो. ज्याचा नेम सगळ्यात अचूक, तो वर्षभर गावचा ‘राजा’. राजाला परातीएवढी रंगवलेली लाकडी तबकडी मिळते, आणि अख्खा गाव ती वाजतगाजत नेऊन त्याच्या घराच्या दर्शनी भिंतीवर ठोकतो. काही घरांवर पणजोबांच्या तबकड्या अजून आहेत.

घैसासला तशी एक हवी होती. ‘‘पदक नको, कप नको,’’ तो म्हणायचा. ‘‘आपल्या भिंतीवर गावाने येऊन काहीतरी ठोकावं, एवढंच.’’

अडचण एकच होती. घैसासला भिंत नव्हती. तो भाड्याने राहतो, आणि भिंत खालच्या मजल्यावरच्या घरमालकांची, हेर क्रूझेंची होती. (हेर म्हणजे इथले श्रीयुत.)

*

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी घैसासच्या सासूबाई, मालतीकाकू, सांगलीहून आल्या. आल्या आल्या त्यांनी घर पाहिलं आणि बंदुकीचं पोलादी कपाट बघून म्हणाल्या, ‘‘अहो शंतनूराव, घरात एवढं भक्कम कपाट असताना माझ्या पाटल्या बॅगेत कशाला?’’ पाटल्या आणि चपलाहार कपाटात गेले.

काकूंना एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. त्या कपाटाचा नंबर कायद्याने फक्त घैसासला माहीत असू शकतो. बायकोलाही नाही!

महाराष्ट्र मंडळाच्या भोंडल्याला निघायची वेळ झाली. काकू पैठणी नेसून तयार, आणि घैसास कारखान्यात एका हट्टी दाराशी झुंजत होता. त्याच्या बायकोने, मृणालने, फोन केला, ‘‘नंबर सांग.’’ तो म्हणाला, ‘‘मृणाल, कायदा म्हणजे कायदा.’’ तिने मग जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. काकूंनी फोन हातात घेतला. ‘‘सोनं माझं, कपाट तुमचं आणि कायदा ह्या जर्मनांचा! माझ्या पाटल्यांनी गुन्हा काय केलाय?’’

काकू ओक्याबोक्या हातांनी भोंडल्याला आल्या. आम्ही बायका हळहळलो. तोवर त्यांचा राग उतरून त्याचा तोरा झाला होता. हात पुढे करून म्हणाल्या, ‘‘तुमचं सोनं कपाटात असतं. माझ्या सोन्याला जर्मन सरकारचा पहारा आहे!’’

*

दसऱ्याला घैसासने आम्हाला श्रीखंड-पुरी खायला बोलावलं. दसरा म्हणजे शस्त्रपूजा, आणि आमच्यात शस्त्र असलेला माणूस हा एकच. पण पाहुणे घरात असताना रायफल बाहेर काढायला तो तयार होईना. शेवटी तोडगा निघाला: कपाटाचीच पूजा करायची. हँडलला झेंडूचा हार, दारावर कुंकवाची बोटं, समोर पाटावर घैसासचा टॉर्क पाना आणि माझा लॅपटॉप.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शस्त्रपरवान्याच्या सरकारी ऑफिसची एक बाई उभी. बंदुका नीट ठेवल्यात का हे बघायला इथे न कळवता येतात. यायला दसराच सापडला!

बाई आत आल्या, कपाटाकडे बघितलं आणि थांबल्या. घैसास घाईने पुढे झाला. ‘‘आल्झो, म्हणजे असं आहे,’’ तो म्हणाला, ‘‘आज आम्ही अवजारांचे आभार मानतो.’’ बाईंनी आम्हाला बाहेर जायची खूण केली. आम्ही सगळे बाहेर गेलो, हार अलगद बाजूला झाला, कपाट उघडलं. रायफलवरचे नंबर कागदांशी जुळले, कुलूप ठीक, सगळं ठीक.

बाई निघतील असं वाटलं. त्यांनी बॅगेतून ऑफिसचा टॅबलेट काढला आणि हळूच विचारलं, ‘‘हा सकाळपासून बंद पडलाय. इथे ठेवला तर चालेल?’’

मालतीकाकूंनी टॅबलेटच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं आणि बाईंच्या हातात श्रीखंडाची वाटी दिली. वाटी संपायच्या आत टॅबलेट चालू झाला! बाईंनी त्यावर ‘त्रुटी नाही’ असं नोंदवलं आणि जाताना रेसिपी घेऊन गेल्या.

*

दिवाळीत घैसासने गॅलरीच्या बाहेर आकाशकंदील लावला. पुण्याहून आणलेला, खऱ्या कागदाचा. तासाभरात क्रूझे वर आले. हेर क्रूझे रिटायर्ड आहेत, जन्मभर त्यांनी गाड्यांच्या रंगातले ओरखडे शोधले. डोळा अजून तोच आहे.

‘‘हेर घैसास, भिंतीवर काय आहे?’’

‘‘कंदील. भोक पाडलेलं नाही, दोरीने बांधलाय.’’

‘‘दोरी भिंतीला घासते. फासाडे म्हणजे फासाडे.’’

फासाडे म्हणजे घराचा दर्शनी भाग. जर्मन माणूस एक वेळ बायकोवरचा शेरा ऐकून घेईल, फासाडेवरचा नाही. कंदील उतरला आणि घरात, सोफ्याच्या वर लागला. काकू म्हणाल्या, ‘‘आकाशकंदील म्हणे! आकाश कुठाय ह्यात?’’

घैसास तसा पडतं घेणारा माणूस. पण त्या दिवशी त्याला लागलं. त्याने क्रूझेंना विचारलंच, ‘‘आणि मी राजा झालो तर? तबकडी कुठे लावायची?’’

क्रूझे जिन्यात थांबले. तेही त्याच फेराइनचे, अगदी तरुणपणापासूनचे सभासद. म्हणाले, ‘‘माझ्या भिंतीवर अजून माझीच तबकडी नाही. तुमची कुठून येणार?’’

टेबलावर हे सांगताना घैसासने एकही मत दिलं नाही. तेव्हा आम्हाला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

*

त्याच हिवाळ्यातली फुटबॉलची गोष्ट. अमेरिकेतली दुपारची मॅच इथे शनिवारी संध्याकाळी दिसते. घैसास आपल्या कॉलेजचा केशरी टी-शर्ट घालून बसतो आणि आम्हाला वडे खायला घालून मॅच बघायला लावतो. ‘‘माझं मत विचाराल तर, प्रोफेशनल लोकांची मॅच म्हणजे ऑफिस. कॉलेजची म्हणजे लग्नघर! चुका, रडारड, बँड, सगळं आलं.’’

आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मालतीकाकू शाळेत कबड्डी खेळायच्या. दहा मिनिटं बघून त्यांनी निकाल दिला, ‘‘हेल्मेट घालून कबड्डीच आहे. चार चढायांत दहा यार्ड जायचं. त्यात एवढं अवघड काय?’’ आणि मग त्या अशा काही ओरडायला लागल्या की शेजारच्या घरातले दिवे लागले.

क्रूझे तक्रार करायला वर आले. काकूंनी त्यांच्या हातात बशी दिली. बटाटेवडा खाताना माणसाला तक्रार करता येत नाही, म्हणून ते बसले. मॅच शेवटच्या किकवर आली होती. आत गेली तर घैसासचं कॉलेज जिंकणार. तेवढ्यात समोरच्या कोचने खेळ थांबवला.

‘‘हा का थांबला?’’ क्रूझेंनी विचारलं.

‘‘मुद्दाम!’’ घैसास म्हणाला. ‘‘किक मारणाऱ्याला विचार करायला वेळ द्यायचा. विचार केला की पाय चुकतो.’’

‘‘मग त्याने काय करायचं?’’

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी घैसासचं मत विचारलं होतं! तो ताठ बसला. ‘‘माझं मत विचाराल तर, त्या वेळात किकचा विचारच करू नये. घरी जेवायला काय आहे ते आठवावं.’’

‘‘हं,’’ क्रूझे म्हणाले आणि अजून एक वडा घेतला. किक आत गेली. काकूंनी क्रूझेंच्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांचा चष्मा चटणीत पडला.

*

मेमध्ये इराचा, म्हणजे घैसासच्या मुलीचा, वाढदिवस होता. सगळा वर्ग बागेत, आणि कुठल्याशा आईने प्रत्येकाला भेट म्हणून पाण्याची पिचकारी-बंदूक आणलेली. घैसासचा चेहरा पडला. मग त्याने सगळ्या पोरांना ओळीत उभं केलं. माणसाकडे रोखायची नाही, सांगितल्याशिवाय चापावर बोट नाही, झालं की खाली ठेवायची. कागदी प्लेटा दोरीला टांगल्या.

इरा घरात मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिने कपाळावर हात मारून घेतला, ‘‘पापा, बिट्टे!’’ म्हणजे ‘बाबा, प्लीज!’

पण पोरांना तो खेळ इतका आवडला की कोणी हलेना. संध्याकाळी आया कोरडे कपडे घेऊन न्यायला आल्या. एकही पोर भिजलं नव्हतं! एका आईने मला विचारलं, ‘‘हे गृहस्थ कुठल्या बालवाडीत शिकवतात? आमचं नाव घालायचंय.’’

*

आणि मग जून आला. काकू पुन्हा आल्या होत्या, या वेळी पाटल्या सांगलीत ठेवून.

शुत्सेनफेस्टला आम्ही सगळं टेबल गेलो. हिरवे कोट, बँड, सॉसेजचा धूर. नेमबाजी संपली आणि निकाल सांगणारा माणूस घसा खाकरायला लागला. पहिल्या जागेवर दोघांची बरोबरी होती. घैसास आणि क्रूझे!

दोघांनी एकेक गोळी मारायची, चांगली ज्याची तो राजा. माझा नवरा कानात म्हणाला, ‘‘कोणीही जिंको, तबकडीचं घर एकच.’’ मी म्हटलं, ‘‘क्रूझेंना ओळखत नाहीस तू.’’

क्रूझेंनी आधी मारली. सुरेख लागली, मध्याला जवळजवळ चिकटून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा आयुष्यभर ज्यासाठी थांबला होता ते समोर आलं होतं, आणि खरं सांगते, मला क्षणभर तेच जिंकावेत असं वाटलं.

घैसासने रायफल उचलली. श्वास सोडला.

‘‘एक मिनिट!’’ क्रूझे म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. रुमाल काढला. एक काच पुसली. मग दुसरी. मग पंचांना म्हणाले, माझी गोळी पुन्हा एकदा मोजा. हॉलमध्ये चुळबूळ सुरू झाली. मृणालने माझा हात असा धरला की नखं रुतली.

घैसासने रायफल रिकामी करून नियमाप्रमाणे खाली ठेवली. क्रूझेंकडे बघून तो हसला, आणि मागे वळून सगळ्या हॉलसमोर मराठीत विचारलं, ‘‘आई, आज जेवायला काय आहे?’’

‘‘पिठलं-भात!’’ काकू ओरडल्या. ‘‘आणि लवकर आटपा, गार होतंय!’’

घैसास वळला, रायफल उचलली आणि मारली.

बरोब्बर मध्यात!

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण मी बाकावर उभी राहून किंचाळत होते. बंदुकीला भिणारी मी! खाली उतरले तेव्हा एवढंच दिसलं की क्रूझे आपली टोपी घेऊन दाराबाहेर चालले होते. त्यांनी हात मिळवला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघायची होती. घैसास सकाळीच म्हणाला, ‘‘तबकडी आत लावू. सोफ्याच्या वर, कंदिलाशेजारी.’’ राजाची साखळी गळ्यात घालून हे बोलणारा माणूस बघवत नव्हता. मृणाल म्हणाली, एकदा विचारून तर बघ. तो म्हणाला, ‘‘त्यांनी जन्मभर वाट पाहिली. आता त्यांच्याच भिंतीवर माझी ठोकायची परवानगी मागू? नाही मागणार.’’

पुढे बँड, मधे चौघांच्या खांद्यावर तबकडी, मागे सगळा गाव. काकूंनी घैसासला औक्षण करून आणलं होतं, त्यामुळे राजाच्या कपाळावर कुंकवाचा टिळा. गल्लीत वळलो आणि बँड आपोआप थांबला.

घराला शिडी लावलेली होती. शिडीवर हेर क्रूझे, हातात ड्रिल.

‘‘फासाडेला कोणी हात लावायचा नाही,’’ ते वरून म्हणाले. ‘‘मी लावणार.’’

खाली सगळा गाव मान वर करून उभा राहिला. क्रूझेंनी भोक पाडलं, हुक बसवला, तबकडी टांगली. खिशातून पाणसळ काढून तबकडीवर धरली आणि एका बाजूने किंचित वर ढकलली. बँडवाल्यांनी वाद्यं उचलली. क्रूझेंनी हाताने थांबवलं. त्यांनी शेजारी आणखी एक भोक पाडलं आणि त्यातही हुक बसवला.

ते खाली उतरायला लागले तसं घैसासने पुढे होऊन शिडी धरली. त्याने विचारलं, ‘‘हेर क्रूझे, दुसरा हुक कशाला?’’

क्रूझेंनी ड्रिलची धूळ फुंकली.

‘‘तुमच्या त्या कंदिलाला. तारीख दरवर्षी बदलते ना तुमची? मला आधी कळवायचं.’’